नाव न घेता

४ मार्च

लाडक्या सिस्टरबाई,

तुझ्या वहिनीचा सलाम. अख्खं हॉस्पिटल तुला सिस्टर म्हणतं, मग मी एकटीनंच नणंद का म्हणू? शिवाय नणंद म्हटलं की अजून माझी पाठ आपोआप ताठ होते, आणि आता पाठीला ते झेपत नाही.

तुझा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या खुर्चीत आता मी बसते. जिवंत होता तेव्हा कुणाला बसू द्यायचा नाही. खुर्ची काही फार चांगली नाही गं, उगाच भाव खात होता.

मी मजेत आहे. रविवारी उपासनेला देवळात माझं तिसरं बाक, डोक्यावर पंखा, पाठीला उशी. कुणी नवखं चुकून तिथं बसलं, तर नवऱ्याचं प्रवचन अर्धं सोडून पाळकीणबाई स्वतः येऊन उठवतात. देवाच्या घरी मी जावयासारखी वावरते म्हण ना.

आता खरी बातमी. गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेत मी कमाल केली. आपले टेलरमास्तर आठवतात का? तुझ्या भावाचा लग्नातला कोट शिवणारे? त्यांची नजर गेली. परत यायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. माप अजून तेच घेतात, बोटांनी, आणि एक इंच चुकत नाहीत. पण कापड कसं कापणार? म्हणून वर्षभर सगळं कापड मास्तरीण कापते. तेही माझ्या जेवणाच्या टेबलावर, दुपारी, दार लावून. दुकानात कापलं तर गिऱ्हाईक बघेल ना! ही गोष्ट फक्त मला ठाऊक आणि मास्तरणीच्या धाकट्या बहिणीला. धाकटी त्यांच्याकडेच राहते आणि काजं-बटणं करते.

तर गुरुवारी माझी पाळी आली, आणि मला असं काही भरून आलं की विचारू नकोस. म्हटलं, "प्रभू, आमच्यातल्या एका मास्तरांच्या डोळ्यांत उजेड घाल, आणि त्यांच्याऐवजी जी कातर धरते, त्या माउलीच्या हाताला बळ दे." शाळेच्या हेडबाईंनी नाक पुसलं. हेडबाईंनी! त्या तर वाढदिवसाचा केकसुद्धा पट्टीनं मोजून कापतात. पाळकीणबाई जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, "तुमच्यासारखी प्रार्थना कुणाला येत नाही."

आणि नाव मी घेतलं नाही बरं का. तेवढं मला कळतं.

तुझीच,
वहिनी

१५ मार्च

वहिनी,

सलाम. पत्र मिळालं. खुर्चीचं वाचून हसले. आमच्या वॉर्डात दोन नर्सा सुट्टीवर आहेत, त्यामुळे पायांना सूज आणि पत्राला उशीर.

दोनच गोष्टी विचारते. मास्तरणीनं हे चारचौघींत बोलायला तुला सांगितलं होतं का? आणि गावात टेलरमास्तर किती आहेत?

उत्तर चेष्टेत देऊ नकोस.

तुझी नणंद

२८ मार्च

सिस्टरबाई,

तू नर्स कशाला झालीस गं? फौजदार व्हायला हवं होतंस. दोन ओळींचं पत्र, आणि मी तासभर आरोपीसारखी बसले.

बरं, घे जबानी. टेलरमास्तर गावात एकच. आणि मास्तरीण म्हणाली होती, "माझ्यासाठी प्रार्थना कर." ती मी केली. मनातल्या मनात कर की मोठ्यानं कर, हे तिनं सांगितलं नव्हतं. झालं समाधान?

इथं मात्र थोडा घोळ झाला आहे. हेडबाईंनी शाळेचे गणवेश यंदा मास्तरांकडून काढून घेतले. "डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाच्या हवाली दोनशे मुलांचे कपडे कसे करायचे?" म्हणाल्या. दोन लग्नांचे कोटही परत गेले. बातमी कुणी फोडली म्हणून विचारशील, तर कुणीच नाही. शपथेवर सांगते, कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. सगळ्यांनी फक्त प्रार्थना केली. पाळकीणबाईंनी सुतारणीला घेऊन केली, सुतारणीनं सासूला घेऊन केली, सासूनं बाजारात भेटलेल्या कुणाला घेऊन केली. त्यातलं कुठलं आमेन कुठल्या दारातून बाहेर पडलं, ते मी कसं सांगू?

मास्तरणीनं धाकटीलाच धरलं. भांडण झालं, धाकटी ट्रंक उचलून निघून गेली. नदीपलीकडे कपड्यांचा कारखाना आहे, तिथं लागली म्हणतात. मग मास्तरीण माझ्याकडे येऊन रडली. मी तिला धीर दिला, चहा करून दिला. आणखी काय करणार मी? मी काही तिच्या बहिणीला घालवलं नाही.

पायांना मीठ घातलेल्या गरम पाण्याचा शेक दे. हे तू लोकांना सांगतेस आणि स्वतः करत नाहीस, मला माहीत आहे.

वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

"पेशंटला धीर दिला." हे मी गेली तीस वर्षं कागदांवर वाचते आहे. नव्या पोरी लिहितात. धीर दिला म्हणजे नेमकं काय केलं, ते कुणी लिहीत नाही, आणि बहुतेक वेळा काही केलेलं नसतं.

मास्तरीण काय म्हणाली आणि तू काय म्हणालीस? शब्दाला शब्द लिही.

तुझी नणंद

२९ मे

सिस्टरबाई,

तुझं पत्र सात आठवडे साखरेच्या डब्याखाली ठेवलं होतं. साखर घ्यायला गेलं की दिसायचं. मग मी बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. शेजारीण म्हणाली, "साखरेचा आजार झाला का हो?" हो म्हणाले. आणखी एक खोटं.

शब्दाला शब्द हवं ना? मग आधी हे ऐक. मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं. भांडण आधी, ट्रंक आधी, मग मास्तरणीचं रडणं आणि माझा चहा, असं लिहिलं. ते झालंच, पण तेवढंच नव्हतं. मास्तरीण भांडणाच्याही आधी एकदा माझ्याकडे आली होती.

ती टेबलाशी उभी होती. कापड पसरलेलं, त्यावर खडूच्या रेघा मारलेल्या, हातात कातर. पण कापत नव्हती. म्हणाली, "गणवेश गेले." मी म्हणाले, "अगं बाई!" मला माहीत होतं, तरी म्हणाले. मग ती म्हणाली, "दोघींनाच ठाऊक होतं. तुला आणि धाकटीला. तू प्रार्थनेतली बाई, तू कशाला बोलशील? म्हणजे धाकटीनंच तोंड उघडलं. हो ना?"

आणि मी म्हणाले, "हं."

एवढंच. सिस्टरबाई, मी आयुष्यात इतकं कमी कधी बोलले नाही.

तिनं कातर खाली ठेवली आणि घरी गेली. तासाभरात धाकटीची ट्रंक दाराबाहेर होती. माझ्या खिडकीतून दिसते ती गल्ली. धाकटी ट्रंकेशेजारी उभी राहून दाराकडे बघत होती, कुणी उघडतंय का म्हणून. कुणी उघडलं नाही. मी खिडकी लावून घेतली.

तुला वाटेल म्हातारी घाबरली. घाबरले तर आहेच. पण वेगळंच काहीतरी झालं आहे. मागच्या गुरुवारी हेडबाई म्हणाल्या, "तुम्हीच करा प्रार्थना." केली. बायका रडल्या, नेहमीसारख्या. आणि मला आतून असं कळलं, की ह्या बायका सोडून हे कुणीच ऐकत नाहीये. वर काही पोचत नाही. कदाचित कधीच पोचलं नसेल. इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बायकांशीच बोलत होते की काय?

घरी येऊन गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, तरी बसले. देवाला सगळं सांगितलं, माफी मागितली. आता पुरे ना गं? त्याला सांगितलं म्हणजे सगळ्यात मोठ्यालाच सांगितलं. आता मास्तरणीला सांगून कुणाचं भलं होणार? गणवेश काही परत येणार नाहीत. माझं मात्र नाक जाईल. ह्या वयात नवं नाक कुठून आणू?

तू हो म्हण. तू "पुरे" म्हणालीस तर मी गप्प बसेन, आणि मरेपर्यंत इतकी चांगली वागेन की तू बघत राहशील.

वहिनी

८ जून

वहिनी,

पुरे म्हणणार नाही.

मी बावीस वर्षांची होते. पोस्टातल्या त्या कारकुनानं मला मागणी घातली होती आणि दोन महिन्यांनी चिठ्ठी पाठवून नको म्हणाला. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, दादाला नाही. फक्त तुला सांगितलं, स्वयंपाकघरात, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून. तू माझे केस विंचरून दिलेस.

पुढच्या गुरुवारी आपल्याच घरी बायकांची प्रार्थना होती. मी चहाचे कप घेऊन आत येत होते. तू डोळे मिटून म्हणत होतीस, "प्रभू, आमच्या घरातल्या एका मुलीचं मोडलेलं मन सांध." नाव घेतलं नाहीस.

वहिनी, आपल्या घरात मुली किती होत्या?

मी ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणून मला रडताना कुणी पाहिलं नाही. मग आमेन झालं, डोळे उघडले, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कशा बघत होत्या, ते तुला सांगता येणार नाही. एकीनं माझ्या हातातला कप घेताना माझा गाल कुरवाळला.

नर्सिंगचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला. तू इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलीस, की आमच्या नणंदबाईला सेवेचं पाचारण झालं. पाचारण वगैरे काही नव्हतं. मी पळाले होते.

तुझ्या पहिल्या पत्रात "नाव मी घेतलं नाही" हे वाचलं आणि मला तो ट्रे पुन्हा हातात आल्यासारखा वाटला.

देवानं तुला माफ केलं असेल. ते तो जाणे. पण धाकटीनं काही केलेलं नाही, हे तिच्या बहिणीला अजून कुणी सांगितलेलं नाही. हे काम देव स्वतः खाली येऊन करणार नाही. त्यासाठी तुलाच जावं लागेल.

नणंद

१९ जून

सिस्टरबाई,

मला आठवत नाही. सगळ्यात वाईट हेच आहे. पत्र आल्यापासून आठवून बघते आहे. तू मांडीवर डोकं ठेवलेलं आठवतं. तुझ्या केसांत गुंता होता तोही आठवतो. तो गुरुवार आठवत नाही. माझ्या लेखी तो नेहमीसारखा गुरुवार असेल. प्रार्थना छान झाली म्हणून मी खूष होऊन झोपले असेन.

तू गेलीस त्या दिवशी तुझा भाऊ स्टेशनवरून आला आणि म्हणाला, "तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही." मी म्हणाले, "देवाच्या कामाला निघालेली माणसं मागं बघत नाहीत." मला हे वाक्य फार आवडलं होतं. पुढे कितीतरी जणींना ऐकवलं.

माफ कर.

ह्यापुढे जोडायला चांगले चांगले शब्द सुचतायत, म्हणून इथंच थांबते.

सोमवारी मास्तरांकडे जाते.

वहिनी

१ जुलै

वहिनी,

तुझं पत्र ड्युटीच्या कपड्यांच्या खिशात घेऊन फिरते आहे.

मलाही एक सांगायचं आहे. मी तुला केव्हाच माफ केलं, असं मला वाटायचं. खरं तर मी तुला फक्त पत्रं लिहीत होते. सलाम, तब्येत, हवा, पायांची सूज. दादा गेला तेव्हा आले, तीन दिवस राहिले, आणि ड्युटी आहे म्हणून निघाले. ड्युटी नव्हती. तू दाराशी उभी होतीस, एकटी, आणि मी रिक्षात बसून स्वतःला सांगितलं, की बरं झालं, हिलाही कळू दे रिकामं घर म्हणजे काय असतं. माझ्याच भावाच्या मरणावर मी हा विचार केला.

आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका मरणाऱ्या म्हातारीच्या उशाशी बसून तिला म्हणाले, "मनात कुणाबद्दल काही ठेवू नका हो आजी." तिनं माझं ऐकलं. सुनेला बोलावून घेतलं.

तू पंख्याखाली बसलीस, मी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बसले. फरक एवढाच. दोघी आरामात होतो.

माफ करते आहे. एकदम होत नाही. आज थोडं झालं.

सोमवारी गेलीस का?

नणंद

२२ जुलै

सिस्टरबाई,

गेले. पण आधी हस थोडी. त्या पहिल्या सोमवारी दुकानापर्यंत गेले, मास्तरीण म्हणाली, "काय काम?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "ह्यांच्या पँटची चेन बदलून हवी होती." घरी येऊन तुझ्या भावाची जुनी पँट शोधली आणि नेऊन दिली. मेलेल्या माणसाच्या पँटला नवी चेन! मास्तरणीनं बसवूनही दिली. ती पँट आणायला गेले, त्या दिवशी बोलले.

मास्तर स्टुलावर, गळ्यात टेप. मास्तरीण मशीनवर. मी उभी राहूनच सांगितलं. गुरुवार, प्रार्थना, माउली, कातर, सगळं. ती मशीन चालवतच होती. शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, मग मान वर केली.

"आणि मी विचारलं तेव्हा? तेव्हा तू हं म्हणालीस."

"म्हणाले."

"चहा दिलास मला."

"दिला."

"मी तुझ्या टेबलाशी बसून माझ्या बहिणीला शिव्या दिल्या, आणि तू मला दुसरा कप विचारलास."

तिनं मलाही शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, जशी खराब निघालेल्या कापडाकडे बघतात.

मास्तरांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही एकट्या असताना माझ्या डोळ्यांसाठी कधी प्रार्थना केलीत का हो?"

रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं, माप विचारावं तसं.

मी आठवून बघितलं. वर्षभर माझ्या टेबलावर त्यांचं कापड कापलं जात होतं. रोज रात्री मी देवाला कितीतरी नावं सांगत होते. "नाही मास्तर," मी म्हणाले. "एकदाही नाही."

ते म्हणाले, "बरं." आणि टेप गुंडाळायला लागले.

दुपारी मास्तरीण माझ्या घरी आली. खडू, कातर, मोजपट्टी, कापडावर ठेवायचे दोन दगड, सगळं पिशवीत भरलं. मग पिशवीतून स्वतःचं फडकं काढलं आणि माझं टेबल पुसलं. दोनदा. चहा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता गुरुवार ऐक. हेडबाई म्हणाल्या, "चला, डोळे मिटा." मी म्हणाले, "आज जरा उघडे ठेवा." आणि सांगितलं. धाकटीनं काही केलेलं नाही, मी केलं, आणि इथं, ह्याच सतरंजीवर बसून केलं. हेडबाई म्हणाल्या, "पण आपला हेतू तर प्रेमाचाच होता." मी म्हणाले, "तुमचा असेल. मला टाळ्या आवडतात." सुतारीण मान खाली घालून बोटाची अंगठी फिरवत बसली. आणि पाळकीणबाई काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, "हे आपण आपल्यातच ठेवू या." सिस्टरबाई, मला हसू फुटलं. वाईट वेळी फुटलं, पण आवरेना. इतक्या वर्षांत त्या खोलीत हे वाक्य कुणी पहिल्यांदाच म्हणालं!

मला आता प्रार्थना करायला सांगत नाहीत. देवळात मी शेवटच्या बाकावर, खांबाआड बसते. कुणी घालवलं नाही, मीच गेले. तिथं पंखा नाही. घाम येतो. बरोबरची माणसं उशिरा येणारी आणि लवकर पळणारी, त्यांना माझी ख्याती ठाऊक नाही.

सकाळी उठून मास्तरांसाठी प्रार्थना करते. तोंड न उघडता. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत संपली. ऐकायला कुणी नसलं, तर माझ्याकडे बोलायलाच काही नाही, हे कळलं. मग नुसती बसून राहिले. अजून बहुतेक दिवस नुसतीच बसते. पण उठत नाही.

तुझ्या "थोडं झालं" वर माझं आठवडाभर भागलं. घाई करू नकोस. मी आहे.

वहिनी

३० जुलै

वहिनी,

मास्तरांचा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला. वॉर्डात चोवीस खाटा आहेत. हात ठेवून, आवाज लावून मी रोज प्रार्थना करते. खोलीवर आल्यावर त्यातलं एकही तोंड मला आठवत नाही. आता रोज एक खाट घरी आणते. काल सात नंबर होती.

धाकटीकडे कोण गेलं?

नणंद

१४ सप्टेंबर

सिस्टरबाई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं झालं नव्हतं. धाकटीकडे कुणीच गेलं नव्हतं. मी मास्तरणीला दोनदा म्हणाले, "मी जाऊन सांगू का?" दोन्ही वेळा म्हणाली, "तू कुणाला काही सांगू नकोस." तिचंही बरोबर होतं. दुकानात आता ती उघड्यावर कापते, रस्त्याच्या बाजूला टेबल लावून. येणारे-जाणारे बघतात. काही गिऱ्हाईकं आली, बरीच आली नाहीत. हेडबाई अजून त्या रस्त्यानं जात नाहीत, लांबून वळसा घालतात.

चार दिवसांपूर्वी संध्याकाळी मास्तरीण दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "उद्या धाकटीकडे जायचं आहे. चल."

मी म्हणाले, "मी कशाला? तुम्ही दोघी बहिणी..."

"मला एकटीला तिच्यासमोर उभं राहवत नाही. आणि तू समोर असलीस म्हणजे माझा सगळा राग तिच्यावर निघायचा नाही."

असं आमंत्रण मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. सकाळच्या बसनं गेलो. ती पुढं बसली, मी मागं. पूल आला तेव्हा तिनं पिशवीतून रुमाल काढला आणि परत ठेवला.

कारखान्यातल्या बायका एका लांब चाळीसारख्या इमारतीत राहतात. एका खोलीत चार खाटा, बाहेर व्हरांडा, दोरीवर ओले कपडे. धाकटीनं दार उघडलं. वाळली आहे. बोटांना पट्ट्या आहेत. तिथं दिवसाला तीनशे काजं करावी लागतात, मशीनवर. ट्रंक खाटेखाली होती, कुलूप लावलेली.

मास्तरणीनं मला पुढं केलं. म्हणून मी बोलले. सगळी वाट मनात घोकून ठेवलेलं होतं, चांगलं लांबलचक, त्यात प्रभू होता, क्षमा होती, सगळं होतं. ते सगळं सोडून दिलं. म्हणाले, "तू काही बोलली नव्हतीस. मी बोलले. आणि तुझ्यावर आलं तेव्हा मी गप्प बसले. तुझी ट्रंक बाहेर ठेवलेली मी खिडकीतून पाहिली आणि खिडकी लावून घेतली."

धाकटीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बहिणीकडेच बघत होती. म्हणाली, "ताई, तू मला एकदा विचारलं असतंस."

मास्तरीण म्हणाली, "हो."

"एकदाच. मी नाही म्हटलं असतं."

"हो."

मग धाकटी माझ्याकडे वळली. मला वाटलं आता एक ठेवून देते. मी गालही पुढं केला होता, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." आणि दार लावून घेतलं.

दार पातळ होतं गं, प्लायवूडचं. खाली बोटभर फट. मी तिथंच उभी राहिले असते, तर तुला हे पत्र सात पानांचं मिळालं असतं. आतून पहिला आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही, आणि माझे कान असे टवकारले, की मलाच माझी लाज वाटली. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं नळ आहे. तो सोडला आणि हात धूत बसले. पाणी वाया जातं म्हणून एक बाई ओरडली. मी नळ बंद केला, आणि ती गेल्यावर परत थोडा सोडला.

प्रार्थना करावी म्हटलं. दोघींसाठी काय मागायचं तेच सुचेना. एरवी मला सुचत नाही असं होत नाही. नुसतं म्हटलं, "तू आत आहेस ना? मग झालं." आणि बसले.

किती वेळ गेला, माहीत नाही. दार उघडलं. मास्तरणीचे डोळे सुजलेले. धाकटी तिच्या मागं उंबऱ्यात उभी. हातात ट्रंक नव्हती. मास्तरीण म्हणाली, "चल, बस जाईल." धाकटी आम्हाला पायऱ्यांपर्यंत पोचवायला आली. बहिणीच्या खांद्यावरचा एक दोरा काढून टाकला आणि मागं फिरली.

परतताना मास्तरीण माझ्या शेजारी बसली. जागा दुसरीकडेही होती. खिडकीबाहेर बघत राहिली, आपला थांबा येईपर्यंत.

आता तू विचारशील, आत काय झालं? धाकटी परत येणार का? दोघींचं मिटलं का? पाळकीणबाईंनीही काल विचारलं, सुतारणीनं विचारलं, शेजारणीनं साखर मागायच्या निमित्तानं विचारलं. तुझ्याजवळ तरी सांगते, सिस्टरबाई.

मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

तुझी,
वहिनी